भावाची बाजू मांडता मांडता रडायचं राहून गेलं

नागपूरच्या एका वीस वर्षांच्या मुलीचा प्रश्न आलाय. मोठा आहे, थोडक्यात सांगते. आठ महिन्यांपूर्वी तिच्या चोवीस वर्षांच्या भावाला रात्री पानठेल्यासमोर चाकूनं भोसकलं. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेईपर्यंत तो गेला होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'टोळीयुद्धातून तरुणाचा खून'. तेव्हापासून कॉलेजातल्या मैत्रिणी तुटक वागतात. किरायाचं घर आहे, मालक म्हणतो रिकामं करा. वस्तीचं नाव आणि आडनाव ऐकलं की लोक मनातल्या मनात हिशेब जुळवतात. आई अजून रोज त्याचं ताट वाढते. बाबा कामावरून येतात, पितात, झोपतात. पंधरा वर्षांच्या धाकट्या भावानं शाळा सोडल्यात जमा आहे. तो रात्रभर मोबाइलवर त्या घटनेची सीसीटीव्हीची क्लिप बघत बसतो. शेवटी ती लिहिते, 'मी अजून एकदाही धड रडले नाही. उलट परवा फुटाळा तलावावर मैत्रिणीसोबत खळखळून हसले. माझ्यात काही बिघडलंय का? आणि घरच्यांना मी कसं सावरू?'

बावीस वर्षं झाली, नागपुरात आणि आसपास मी समुपदेशनाचं काम करते. त्यातली बरीच घरं अशीच, जिथं माणूस आजारानं नाही तर कुणाच्या तरी हातून गेला. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते, चालेल ना?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. भावाबद्दल तू पुष्कळ लिहिलं आहेस. तो त्या पोरांमधला नव्हता. त्याच्यावर एकही केस नव्हती. तो पीत नव्हता. त्या मुलाशी त्याची नुसती तोंडओळख होती. बघ, तो काय नव्हता याचीच ही सगळी यादी. तो काय होता हे सांगणारं मला एकच वाक्य सापडलं, की तो पोह्यांवर दोनदा तर्री, म्हणजे तो तिखट रस्सा, मागून घ्यायचा. आठ महिने तू त्याची वकिली करते आहेस. वकिलाला कोर्टात रडता येत नाही, तसं तुलाही येत नाहीये. तुझ्यात काही बिघडलेलं नाही, बहीण म्हणून तुला अजून वेळच मिळालेला नाही.

असं का होतं ते सांगते. माणूस हार्ट अटॅकनं गेला तर लोक विचारतात, 'कसं झालं?' खून झाला तर विचारतात, 'काहून झालं?', म्हणजे का झालं. खुनाचं कारण मेलेल्या माणसातच सापडलं की विचारणाऱ्याला बरं वाटतं. त्यानं काहीतरी केलं असेल, आमची मुलं तसलं काही करत नाहीत, म्हणजे आम्ही सुरक्षित. लोक सगळेच दुष्ट असतात असं नाही, पण भीती अशीच काम करते. आणि वस्ती गरीब असली, आडनाव एका विशिष्ट ठिकाणचं असलं, की हे 'काहून'चं उत्तर लोकांकडे आधीच तयार असतं. २९ सप्टेंबर २००६ ला आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीत, भोतमांगे कुटुंबातले चौघं मारले गेले. आई, मुलगी आणि दोन मुलं. काय घडलं ते नीट बाहेर यायच्या आधी त्या आईच्या चारित्र्याच्या गोष्टी फिरायला लागल्या होत्या. भैयालाल भोतमांगे एकटे उरले. पुढची दहा वर्षं त्यांनी न्याय मागण्यात घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये ते इथंच, नागपुरात गेले. त्यांच्या वाट्याला नुसता नवरा, नुसता बाप म्हणून शोक करायला किती दिवस आले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बाहेर बाजू मांडायची सवय लागली की ती घरातही शिरते. मग घरातही गेलेल्या माणसाचं खरं बोलता येत नाही. एका घरात मी दीड वर्ष जात होते. गेलेला मुलगा सट्टा लावायचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण घरात त्याचा उच्चार नाही. फोटोला रोज हार, तो देवमाणूस होता, बस. एक दिवस त्याची आई भाजी निवडता निवडता एकदम बोलली, 'मेल्यानं माझ्या डब्यातले चारशे रुपये नेले होते जायच्या आठ दिवस आधी, परत कोण देईन आता?' आणि जी रडायला लागली ती तासभर थांबली नाही. देवमाणसासाठी तिला रडता येत नव्हतं, चारशे रुपये नेणाऱ्या पोरासाठी आलं. तुझ्या भावाच्याही काही गोष्टी असतील, ज्या तू मला लिहिल्या नाहीस. लिहू नकोस. पण धाकट्याजवळ, आईजवळ, एखाद्या पक्क्या मैत्रिणीजवळ त्या बोल. तो चांगला होता म्हणून मारला जायला नको होता, असं नाहीये. तो कसाही असता तरी मारला जायला नको होता. हे एकदा घरात ठरलं की बाजू मांडायचं ओझं बरंच उतरतं.

आता हसण्याचं. दुःख सरळ रेषेत चालत नाही. माणूस कधी त्यात बुडतो, कधी बाहेर येऊन श्वास घेतो, गॅस भरतो, परीक्षा देतो, हसतो, पुन्हा बुडतो. हे येणं-जाणं म्हणजेच सावरणं, असं शोकावर अभ्यास करणारेही मानतात. आणि तरुण वयात हे हेलकावे जरा जोरातच असतात. फुटाळ्यावर हसलीस ते चांगलं झालं. पुन्हा जा.

पुढचं सांगायच्या आधी काही गोष्टी मला तुझ्याकडून कळायला हव्या होत्या, कारण बरंच काही त्यावर अवलंबून आहे. आरोपी आत आहेत की जामिनावर बाहेर? बाहेर असतील तर त्याच वस्तीत राहतात का? कुणी साक्षीवरून धमकावतंय का? यात जातीचा संबंध होता का आणि ॲट्रॉसिटीचं कलम लागलंय का? धोका अजून चालू असेल तर मन सावरण्याच्या गप्पा नंतर, आधी जीव. अशा वेळी भीती वाटणं हा आजार नसतो, ती बरोबरच असते. तेव्हा साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करायचा, देशभर लागू असलेली योजना २०१८ पासून आहे, आणि धाकट्याला काही महिने मामाकडे किंवा मावशीकडे ठेवायचं. मी खालचं लिहितेय ते थेट धोका नाही असं धरून.

लोकांचं काय करायचं? सगळ्यांना उत्तर द्यायचं नाही, आणि खोटंही सांगायचं नाही. दुसरी गोष्ट मी एका मुलीकडून शिकले. तिनं नव्या कॉलेजात सांगितलं की भाऊ ॲक्सिडेंटमध्ये गेला. सोपं वाटलं. मग कुणी विचारलं कुठं, कोणती गाडी, हेल्मेट होतं का. दोन वर्षं ती तो ॲक्सिडेंट सांभाळत होती, मैत्रिणी घरी येऊ नयेत म्हणून बहाणे करत होती. शेवटी तिला खऱ्यापेक्षा त्या खोट्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली. त्यापेक्षा एक वाक्य पाठ करून ठेव. 'माझ्या भावाचा खून झाला. केस चालू आहे. मला आत्ता त्यावर बोलायचं नाही.' आरशासमोर म्हण, आवाज कापायचा थांबेपर्यंत म्हण. यात सफाई नाही, माफी नाही, आणि समोरच्याला पुढं बोलायला जागाही नाही. हे सगळ्यांसाठी. मैत्रिणींमधल्या एखाद-दोघींना मात्र तू स्वतःहून गाठ. काही जणी तुटक वागतात त्या तुच्छतेनं नाही, त्यांना काय बोलावं तेच कळत नाही. 'तू फक्त माझ्यासोबत कँटीनला चल, विचारू काही नको,' एवढं सांगितलं तर त्यातली एखादी नक्की येते. उरलेल्या ज्या खरोखरच आडनाव बघून दूर गेल्या, त्यांना परत आणायला तुझ्यातला एक थेंबही खर्च करू नकोस. हे मी कठोरपणे म्हणते.

घरमालकाला मात्र बोलून नाही, कागदानं उत्तर द्यायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. मालकाला कोर्टाच्या आदेशाशिवाय सामान बाहेर काढता येत नाही, आणि त्रास द्यायला म्हणून पाणी-लाइटही तोडता येत नाही. किराया वेळच्या वेळी, शक्यतो ऑनलाइन द्या, म्हणजे नोंद राहते. आणि त्या बातमीबद्दल: एक पत्र, एकदाच. पोलिसांच्या कागदात 'टोळी' असा उल्लेख नसेल तर एफआयआरची प्रत जोडून संपादकाला दुरुस्ती मागा. छापली तर उत्तम. नाही छापली तर तो विषय तिथं बंद. एका वडिलांना मी सहा वर्षं जुनं कात्रण खिशात घेऊन फिरताना पाहिलंय, लॅमिनेट केलेलं.

आता धाकटा. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

तो क्लिप का बघतो? बाहेरून वाटतं की स्वतःला छळतोय. मी अशा मुलांना विचारलंय. एकानं सांगितलं, 'मॅडम, मी बघतो की तो कोणत्या सेकंदाला पळू शकला असता.' तो भावाला वाचवायचा प्रयत्न करत असतो, रोज रात्री, आणि रोज हरत असतो. म्हणून मोबाइल हिसकावू नकोस. हिसकावलास तर तो दुसऱ्याच्या मोबाइलवर बघेल आणि तुझ्याशी बोलणं बंद करेल. एकदा त्याच्याजवळ बसून विचार, 'तुला काय शोधायचंय त्यात?' आणि उत्तर आलं तर वाद घालू नकोस, ऐक. नंतर दोघांनी ठरवा की क्लिप तुझ्याकडे एका पेन ड्राइव्हवर राहील आणि त्याच्या मोबाइलवरून जाईल. नष्ट नाही करायची, फक्त रात्री दोन वाजता त्याच्या हाताशी नको. नातेवाइकांच्या ग्रुपवर ती फिरत असेल तर मामा-काकांपैकी कुणाला तरी सांगून काढायला लाव.

इथं माझी एक चूक सांगते. कामाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी अशाच एका सोळा वर्षांच्या मुलाला मी पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावलं. काय दिसलं, रक्त किती होतं, तू कुठं होतास. मला वाटलं मन मोकळं होईल. तो पांढराफटक पडला, पुन्हा आला नाही, आणि त्याची आई म्हणाली की पोरगा त्यानंतर आठ दिवस झोपला नाही. पुढं कळलं की घटनेनंतर एका बैठकीत सगळं उकरून काढण्याची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही वापरू नका म्हणते. तेव्हा कुणी हितचिंतक 'याला एकदा मनसोक्त बोलू द्या' म्हणून त्याला कोंडीत पकडत असेल तर तू मध्ये पड. तो बोलेल, त्याच्या वेळेला, बहुधा गाडीवर तुझ्या मागं बसून, तोंड न बघता.

दुसरी गोष्ट म्हणजे बदला. भावाच्या दोस्तांनी त्याचे फोटो लावून रील्स बनवले असतील, 'मिस यू भाई', मागं गाणं, डोक्यावर मुकुट. चौकात बॅनर लागलं असेल. त्यातलेच कुणी या पोट्ट्याला रात्री गाडीवर फिरवतात आणि म्हणतात, 'तू फक्त सांग, बाकी आम्ही बघतो.' घरात कुणी धड बोलत नाही, शाळेत गुंडाचा भाऊ म्हणतात, आणि ही पोरं त्याला भावाचा वारस म्हणतात. मला सांग, पंधराव्या वर्षी तू कुठं गेली असतीस? जे लोक त्याला गुंडाच्या घरचा म्हणून टाळतात, तेच त्याला त्या गाडीवर बसवायला हातभार लावतात. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं खुनासारखा गुन्हा केला तर बाल न्याय मंडळाच्या चौकशीनंतर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो, २०१५ च्या कायद्यानं. हे त्याला एकदा माहीत असू दे. पण नुसत्या भीतीनं या वयाची मुलं थांबत नाहीत. त्याला भावासाठी काहीतरी करायचंय, ते करायला घरात दुसरं काम द्यावं लागतं. केसची फाइल त्याच्या ताब्यात दे. एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल बंद लिफाफ्यात, तारखांची वही, वकिलाचा नंबर. पुढची तारीख कधी हे बाबांनी त्याला विचारलं पाहिजे. एखाद्या साध्या तारखेला त्याला सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात ने. काहीच होणार नाही, पुढची तारीख मिळेल, बाहेर चहा प्याल आणि परत याल. पण कोर्ट म्हणजे काय ते त्याला दिसेल. डॉक्टरांची किंवा प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष असेल त्या दिवशी मात्र नेऊ नकोस, आणि आरोपीच्या लोकांशी बाहेर गाठ पडणार असेल तरी नको.

शाळेत मुख्याध्यापकांपेक्षा एक शिक्षक शोध, ज्याच्याशी त्याचं जरा जुळतं. त्यांच्याकडून एवढंच मागायचं: त्याला वर्गातून न विचारता पाच मिनिटं बाहेर जायची मुभा, आणि कुणी 'मर्डर' म्हणून चिडवलं तर गप्प न बसणं. सुरुवातीला दोन तास गेला तरी चालेल. आणि यंदा नाहीच जमलं तर दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. एक वर्ष गेलं म्हणून कुणाचं आयुष्य जात नाही.

आईच्या ताटाला हात लावू नकोस. लोक म्हणतील, वेड लागेल तिला. आठ महिने म्हणजे काहीच नाही, आणि पोटच्या पोराचं ताट बंद करायचा दिवस आईच ठरवते. बघायचं ते एवढंच, की ती स्वतः जेवते का, तिला झोप लागते का, आणि त्या ताटाशिवाय दिवसात दुसरं काही करते का. बाबांशी दारूवरून भांडण नको, निदान प्यायलेले असताना तर नकोच. सकाळी, कामावर जायच्या आधी, 'बाबा, तारखेला तुम्ही सोबत पाहिजे, मला एकटीला भीती वाटते,' एवढं म्हण. पुष्कळ बापांना रडणं जमत नाही, सोबत जाणं जमतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण कागद हातात असला की घराला जरा धीर येतो. नव्या फौजदारी प्रक्रियेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं असतं. नसेल कळवलं तर लेखी विचारा. जामिनाच्या वेळी पीडिताच्या घरच्यांना आपलं म्हणणं मांडता येतं, लखीमपूर खीरीच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. सरकारी वकील तर असतोच, पण त्यांच्या मदतीला तुमचाही वकील राहू शकतो. त्यासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज आईच्या किंवा तुझ्या नावानं कर. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. पीडित भरपाईचा अर्जही तिथंच होतो. ॲट्रॉसिटीचं कलम असेल तर समाज कल्याण खात्याकडून मिळणारं अर्थसाहाय्य वेगळं, आणि त्यासाठी निकालाची वाट बघायची नसते, काही भाग शवविच्छेदनानंतर आणि उरलेला दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. कुणी टोमणा मारेल, 'पोराचे पैसे खाल्ले.' मारू दे.

डॉक्टर कधी? महिना उलटूनही ते दृश्य जागेपणी डोळ्यांसमोर येत असेल, गाडीच्या आवाजानं दचकायला होत असेल, त्या पानठेल्याच्या रस्त्यानं जाताच येत नसेल, तर दाखवायचं. त्या हिशेबानं धाकट्याला दाखवायची वेळ आधीच झालीय. कुणी 'मलाही त्याच्याकडे जायचंय' म्हणालं तर सरळ विचार, 'मरायचा विचार येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलतो. आणि उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, घरातल्या गोळ्या, फवारणीचं औषध हाताशी राहू देऊ नकोस आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. मेडिकलला आणि मेयो या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभाग आहे, सकाळी ओपीडी असते. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, पण ऑटोवाल्याला 'पागलखाना चौक' म्हणताना पुष्कळांची जीभ अडखळते, हे मला माहीत आहे. तसं असेल तर मेडिकलला जा, तिथं कोण कशासाठी आलं कुणाला कळत नाही. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि हो, या यादीत तूही आहेस. घराला सावरणाऱ्या मुली माझ्याकडे सगळ्यात शेवटी येतात, तेही पित्त आणि डोकेदुखीची तक्रार घेऊन.

चार महिन्यांनी वर्ष होईल. तो आठवडा जड जाणार, हे घरात आधीच बोलून ठेवा. तुमच्याकडे पुण्यानुमोदन असेल, वर्षश्राद्ध असेल, जे असेल ते करा, पण बॅनरवाल्या पोरांच्या हाती तो दिवस देऊ नका. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथंच नागपुरात, मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गोवारी समाजातली ११४ माणसं गेली. आजही त्या तारखेला त्यांची माणसं गावोगावहून बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, स्मारकावर येतात. मी दोन-तीनदा जाऊन उभी राहिले आहे. घोषणा होतात, भाषणं होतात, पण बाजूला पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाया आपसात भलतंच बोलत असतात. कुणाला बैलाचा किती लळा होता, कोण जेवायला बसला की उठायचाच नाही. तिथं त्यांना कुणी 'काहून' विचारत नाही.

तुमच्या घराला तेवढी पायरी पाहिजे. वर्षाच्या दिवशी ज्यांना बोलवाल त्यांना आधीच सांगा की केसबद्दल बोलायचं नाही, प्रत्येकानं त्याची एक गोष्ट सांगायची, चांगलीच पाहिजे असं नाही. सकाळी धाकट्याला घेऊन त्या पोहेवाल्याकडे जा. तो ओळखेल तुम्हाला. आणि मला पुन्हा लिहिशील तेव्हा सांग, दुसऱ्यांदा तर्री मागताना तुझा भाऊ नेमकं काय म्हणायचा.